रात्र अंधारी हवी असेल, तर आधी दिवस उजळ करा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. हॉल आणि मोठी बेडरूम पश्चिमेला. स्वयंपाकघर आणि छोटी बेडरूम पूर्वेला, पण तिकडे २०-२५ फुटांवर दुसरी इमारत उभी. घरात नवरा-बायको, ८ आणि १३ वर्षांची मुलं आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. मुलं रात्री साडेअकराशिवाय झोपत नाहीत आणि सकाळी हलवून उठवावी लागतात. सासूबाईंना रात्री ३ वाजता जाग येते, मग झोप नाही. म्हणून सूर्यास्तानंतर सगळे दिवे बंद ठेवून सूर्याबरोबर जगायचं ठरवलं आहे. फ्लॅटमध्ये हे जमेल का, आणि सुरुवात कुठून करावी?

जमेल. फक्त सुरुवात संध्याकाळच्या दिव्यांपासून करू नका, सकाळच्या खिडक्यांपासून करा.

मी घरांच्या रचनेचं काम करते आणि त्यातला बराच भाग राहत्या फ्लॅटमध्ये उजेड आणि वारा परत आणण्याचा असतो. अशा कामासाठी पहिल्यांदा कुणाकडे गेलं की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. सकाळचे ११ वाजलेले, बाहेर लख्ख ऊन, आणि हॉलमध्ये पडदे ओढून ट्यूब लावलेली. रात्री ११ वाजताही तीच ट्यूब. त्या घरात खरा दिवसही होत नाही आणि खरी रात्रही होत नाही. मग शरीराला कळायचं कशावरून, की आता उठायचं आहे आणि आता निजायचं आहे?

आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं आणि बहुतेक माणसांत ते २४ तासांपेक्षा काही मिनिटं जास्तच घेतं. रोज कुणी तरी ते पुन्हा जागेवर आणावं लागतं. ते काम सकाळचा उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी असतात, त्या फक्त उजेड किती आहे याची खबर या घड्याळाला पोचवतात. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते निळसर उजेडाला, म्हणजे दिवसाच्या आकाशाच्या उजेडाला, सर्वात जास्त दाद देतं. सकाळी ही खबर पोचली नाही की घड्याळ रोज थोडं उशिराकडे सरकतं. सुट्टीत मुलं हळूहळू रात्री १ पर्यंत जागायला लागतात, त्यात खोडकरपणापेक्षा याचा वाटा मोठा असतो.

आता उजेडाचे आकडे बघा, कारण डोळा इथे फार फसवतो. लक्स हे उजेड मोजायचं माप. भर उन्हात १ लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. झाडाच्या सावलीत १०-१५ हजार. पावसाळी ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर ५ हजारांच्या वर असतो. घरात खिडकीला लागून बसलात तर हजार-दोन हजार, आणि हॉलच्या आतल्या टोकाला, जिथे आपला सोफा असतो, तिथे ५० ते १००. रात्री ट्यूबखाली १५० ते ३००. पौर्णिमेचं चांदणं जेमतेम पाव लक्स. डोळ्याची बाहुली मोठी-लहान होते, मेंदूही जुळवून घेतो, त्यामुळे सोफ्यावर बसून आपल्याला ‘चांगला उजेड आहे’ असंच वाटत राहतं. पण घड्याळाच्या हिशेबाने तो कोपरा संध्याकाळच.

२०२२ मध्ये या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने एकमताने काही मर्यादा सुचवल्या. दिवसा डोळ्यापाशी निदान २५० लक्स, झोपण्याआधीचे ३ तास १० पेक्षा कमी आणि झोपेत १ पेक्षा कमी. हे लक्स निळसर भागाला जास्त वजन देऊन मोजलेले असतात, त्यामुळे मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपशी ते तंतोतंत जुळणार नाहीत, पण अंदाजाला ॲप पुरतं. एका रविवारी घरातल्या प्रत्येक नेहमीच्या जागी बसा, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर समोर तोंड करून धरा आणि आकडा लिहून ठेवा. सकाळी ९ ला एकदा, रात्री ९ ला एकदा. कुठला दिवा काढायचा आणि कुठली खुर्ची हलवायची हे त्या कागदावरच दिसेल.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी काही माणसांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. विजेचा दिवा नाही, बॅटरी नाही, मोबाइल नाही, फक्त ऊन आणि शेकोटी. आठवड्याच्या शेवटी त्यांच्या शरीरातली रात्र सुमारे २ तास अलीकडे आली होती. हा प्रयोग सांगताना लोक मोबाइल काढून घेतल्याचं सांगतात. त्यातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: त्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांना मिळालेला उजेड नेहमीच्या चौपट होता. दिवस भरपूर उजळ गेला असेल, तर रात्रीच्या दिव्यांचा त्रासही कमी होतो. नुसते संध्याकाळचे दिवे बंद करून दिवस अंधाराच राहिला, तर तुम्हाला फक्त अंधारात जागणारी मुलं मिळतील.

तेव्हा आधी खिडक्या.

खिडकीचा उपयोगी उजेड खोलीत साधारण खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट आतपर्यंत जातो. लिंटल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, ७ फुटांवर असेल तर १४ ते १७ फूट. पण हे काच वरपर्यंत मोकळी असेल तर. आपण नेमकी वरची फूटभर काच पेल्मेटने, म्हणजे पडद्याचा दांडा झाकणाऱ्या पट्टीने, पडद्याच्या झालरीने नाहीतर बाहेरच्या ताडपत्रीने झाकतो, आणि खोलीत सर्वात खोल जाणारा उजेड त्याच पट्ट्यातून येत असतो. खाली कितीही झाका, वरचा पट्टा मोकळा ठेवा.

मग पडद्याचा दांडा. तो खिडकीएवढाच असतो, त्यामुळे पडदे बाजूला सारले तरी दोन्हीकडे नऊ-नऊ इंच काच झाकूनच ठेवतात. दांडा दोन्ही बाजूंना फूटभर भिंतीवर वाढवून घ्या. सुतार एका दुपारी हे काम करतो आणि खिडकी रुंद केल्यासारखी वाटते. सरकत्या खिडकीची डासांची जाळी काढून बाथरूममध्ये साबणाच्या पाण्याने धुवा. रस्त्याकडेच्या फ्लॅटमध्ये वर्षभराची धूळ बसून ती करड्या कापडासारखी झालेली असते. काचेवर आधीच्या मालकाने लावलेली काळी फिल्म असेल तर खरवडून काढा. आणि ग्रिलमध्ये ठेवलेली ती रिकामी खोकी, जुने कुकर, सुकलेल्या कुंड्या, तेवढं आवराच. छत पांढरंशुभ्र हवं. भिंतींना हवा तो रंग द्या, पण खिडकीसमोरची भिंत गडद नको.

एवढं करूनही आतल्या कोपऱ्यात दिवस पोचणार नाही. तिथे माणसाने उजेडाकडे जायचं. आपल्या जुन्या घरांत हेच होतं. माजघर अंधारंच असे, पण तिथे दिवसभर कुणी बसत नसे. निवडण-टिपण पडवीत, दुपार ओटीवर, संध्याकाळ अंगणात. कोकणात कौलारू छपरात एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं. त्यातून पडलेला उन्हाचा तुकडा सारवलेल्या जमिनीवरून सरकत चुलीकडे गेला की घरातल्या बाईला वेळ कळते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या असतात. ऊन त्यांच्यातून दुधासारखं मऊ होऊन आत येतं. बांधणाऱ्यांनी उजेडाची जागा ठरवली होती आणि राहणारे दिवसभर त्याच्यामागे हलत होते.

फ्लॅटमध्ये याचा अर्थ एवढाच, की जेवणाचं टेबल पूर्वेच्या खिडकीशी आणा आणि मुलांचा नाश्ता तिथे होऊ द्या. जागा निवडायची सोपी खूण: त्या खुर्चीत बसून मान न वाकवता आकाशाचा तुकडा दिसला पाहिजे. नुसती समोरची इमारत दिसत असेल तर ती जागा दिवसाची नाही.

तुमच्याकडे पूर्वेचं ऊन अडलेलं आहे, म्हणून सकाळी २०-३० मिनिटं सगळ्यांनी बाहेर पडणं हा या सगळ्यातला सर्वात मोठा उपाय आहे. गच्ची, पार्किंग, कोपऱ्यावरचा दूधवाला, बसथांबा, कुठेही. उन्हाकडे टक लावून बघायचं नाही, नुसतं उघड्यावर असायचं. मुलांना याचा आणखी एक फायदा आहे. रोज दोन तास बाहेरच्या उजेडात घालवणाऱ्या मुलांना लांबचं धूसर दिसून चष्मा लागण्याचं प्रमाण कमी राहतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. तैवानने तर त्यासाठी शाळांत रोज १२० मिनिटं मुलांना बाहेर काढायचा कार्यक्रम २०१० पासून राबवला.

थंडीत अडचण येते. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला. इथला सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमाराला. जानेवारीच्या मध्यानंतर पुण्यात सूर्योदय ७ वाजून ९-१० मिनिटांनी होतो, म्हणजे साडेसहाची स्कूलबस पकडणारा मुलगा काळोखातच घर सोडतो. राज्य सरकारने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग ९ च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, त्यामुळे धाकट्याचा प्रश्न सुटायला हवा. थोरल्याचा राहतोच. त्याच्यासाठी हिवाळ्यात उठल्या उठल्या घरातली सर्वात प्रखर पांढरी ट्यूब लावा. हो, तीच. ट्यूब वाईट नाही, तिची वेळ चुकते. १३ व्या वर्षी शरीराचं घड्याळ आपोआपच उशिराकडे झुकतं, त्याला आळशी म्हणू नका. रविवारीही त्याला नेहमीपेक्षा तासाभराहून जास्त झोपू देऊ नका, नाहीतर आठवडाभराची कमाई त्या एका सकाळी जाते.

आता संध्याकाळ. पुण्यात नोव्हेंबरअखेर ६ च्या जरा आधीच सूर्य मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातला. मावळल्याबरोबर सगळं बंद, हा नियम पाच माणसांच्या घरात टिकत नाही आणि त्याची गरजही नाही. अभ्यास आहे, स्वयंपाक आहे, सुरी हातात आहे. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावा, डासांसाठी दारं-खिडक्या लावून घ्या आणि तिथून उजेड पायरीपायरीने उतरवा. मुलांना साडेनऊला झोपवायचं असेल तर खरी काळजी साडेसहा-सातनंतरची.

पहिली पायरी: छताचे दिवे बंद. आपल्याकडे पांढरा दिवा म्हणजे चांगला दिवा असं समीकरण झालं आहे, त्यामुळे बहुतेक घरांत खोक्यावर ‘कूल डेलाइट’ लिहिलेले ६५०० केल्व्हिनचे बल्ब असतात (केल्व्हिनचा आकडा जितका मोठा, उजेड तितका निळसर). तेवढ्याच उजेडाचा २७०० केल्व्हिनचा, पिवळसर बल्ब घड्याळाला जवळपास निम्माच त्रास देतो. पण रंगापेक्षा जागा जास्त महत्त्वाची. दिवा डोळ्यांच्या पातळीखाली हवा आणि त्याचा उजेड भिंतीवर किंवा कामावर पडायला हवा, डोळ्यांत नको. हॉलमध्ये ५ वॉटचे पिवळे दोन टेबललॅम्प, मुलांच्या टेबलावर पुस्तकावर पडणारा एक, ओट्यावर कपाटाच्या खालच्या बाजूला लावलेली एक पट्टी. ओट्यावरचा उजेड कमी करू नका. भाजी चिरायला स्वच्छ दिसलंच पाहिजे, फक्त तो उजेड ओट्यापुरता राहू दे.

समईच्या उजेडात बसायला मलाही आवडतं, पण ती देवघरातच ठेवा. पडदा, मच्छरदाणी आणि धावणारं मूल यांच्याजवळ ज्योत नको.

टीव्हीबद्दल सगळे विचारतात. दहा फुटांवरचा टीव्ही डोळ्यांना जेवढा उजेड देतो त्याहून कितीतरी जास्त डोक्यावरची ट्यूब देते. हातातला मोबाइल जवळ असतो, म्हणून तो जास्त लागतो. त्याचा पडदा पिवळा करण्याने थोडा फरक पडतो, उजळपणा अगदी खाली आणल्याने जास्त. मुलांना जागं ठेवतं ते मात्र त्यातलं चाललेलं असतं, त्याला दिव्यांचा उपाय नाही. लहान मुलांची बाहुली मोठी आणि भिंग स्वच्छ असतं, त्यामुळे जो उजेड तुम्हाला सौम्य वाटतो तो त्यांच्या डोळ्यांत जास्त शिरतो. म्हणून आठ वर्षांच्या धाकट्याची खोली आधी मंद करा.

सासूबाईंचं गणित उलटं आहे. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि निळसर उजेड आत कमी पोचतो, म्हणून त्यांना दिवसा तुमच्याहून जास्त उजेड लागतो. आणि नेमक्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच आपण आतल्या कोपऱ्यातली आरामखुर्ची देतो. ती खुर्ची गॅलरीत, गॅलरी नसेल तर खिडकीशी जाऊ दे. सकाळी ऊन कोवळं असताना, आणि पुन्हा संध्याकाळी ५-६ च्या सुमाराला अर्धा-पाऊण तास. वयामुळे ज्यांना लवकर पेंग येते आणि पहाटेआधी जाग येते, त्यांना संध्याकाळचा हा उजेड झोप थोडी पुढे ढकलायला मदत करतो. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा.

त्यांच्यासाठी काळोखाचा हट्ट मात्र अजिबात करू नका. खाटेपासून संडासापर्यंत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पायांची चाहूल लागली की लागणारे पिवळे छोटे दिवे बसवा. जमीन दिसावी, डोळे दिपू नयेत. रात्री लघवीला उठून मोठी ट्यूब लावली की झोप उडते आणि दिवा न लावता चाललं की पडायची भीती. या वयात मांडीचं हाड मोडणं म्हणजे घर हादरतं. आणि रोज ३ ला जाग येण्यामागे साखर, एखादं औषध, घोरताना श्वास अडकणं किंवा मनातली काही गोष्टही असू शकते. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, सगळं ओझं खिडक्यांवर टाकू नका.

रात्रीची खोली. पश्चिमेच्या बेडरूममध्ये रस्त्याचा पांढरा दिवा येत असणार. जाड अस्तराचा पडदा लावा, पण सकाळी जो आधी उठेल त्याने तो उघडायचा, हे घरात ठरवून घ्या. नाहीतर काळ्या पडद्यामागे सकाळही हरवते. राउटरचे आणि एसीचे लुकलुकणारे ठिपके काळ्या चिकटपट्टीने झाका.

पश्चिमेच्या उन्हाबद्दल वेगळं सांगते, कारण त्यापायीच तुमचे पडदे वर्षभर बंद राहत असणार. दुपारी ३ नंतर ऊन खाली उतरून तिरपं येतं, त्यामुळे खिडकीवरचा सज्जा तिथे निरुपयोगी. आणि आतला पडदा ऊन अडवतो पण काचेतून आत शिरलेली उष्णता आतच ठेवतो. ऊन काचेच्या बाहेर अडवायला हवं. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी मुंबईत कंबाला हिलवर १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत हाच पेच सोडवला. समुद्र आणि वारा पश्चिमेला, कडक ऊन आणि पाऊसही पश्चिमेला. त्यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यासारख्या खोल गच्च्या मध्ये घातल्या आणि राहायच्या खोल्या मागे सरकवल्या. तुमच्याकडे गॅलरी असेल तर तीच तुमचा व्हरांडा. ती काचेने बंद करून खोलीत घेऊ नका. तिच्या बाहेरच्या कडेला बांबूचा चिक, म्हणजे गुंडाळता येणारा पडदा लावा, फेब्रुवारी ते मे दुपारी ३ ला सोडा आणि सूर्य टेकला की गुंडाळा. मावळतीचा तो नारिंगी उजेड घरात आलाच पाहिजे. पावसाळ्यात चिक उतरवून ठेवा. आषाढ-श्रावणात उजेडाची आधीच ओढाताण असते. उघडीप मिळाली की मुलांना बाहेर काढा.

तुमच्या यजमानांचे परदेशातल्या लोकांशी रात्री ९ नंतर कॉल असतील तर त्यांच्यासाठी घर पेटतं ठेवू नका. त्यांना एका खोलीत दार लावून, पिवळ्या दिव्यात बसू द्या. त्यांची झोप उशिराच होणार, पण उठायची वेळ रोज एकच ठेवली तर भागतं. एकाच्या वेळापत्रकापायी पाचांची रात्र जाऊ नये, आणि तुमच्या नियमापायी त्यांना अपराधी वाटू नये.

क्रम असा ठेवा: या रविवारी मोजणी, जाळ्या आणि खिडक्या. पुढचे दोन आठवडे नुसती सकाळ. त्यानंतर संध्याकाळचे दिवे. मुलांची झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे घ्या, एकदम दोन तास ओढली तर ती पलंगावर लोळत बसतील.

आणि सोसायटीत दोन गोष्टी मांडा. जिन्याचा आणि पार्किंगचा दिवा खिडक्यांत न जाता खाली पडेल असं टोपण प्रत्येक दिव्याला लावून घ्यायचं, खर्च किरकोळ आहे. दुसरं, समोरच्या इमारतीची तुमच्याकडची भिंत. तिच्यावर दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन पडतं. ती गडद असेल तर ते तिथेच विरतं, पांढरी असेल तर तुमच्या स्वयंपाकघरात येतं. त्यांच्या रंगकामाची बोलणी सुरू झाली की सेक्रेटरींना जाऊन भेटा आणि त्या बाजूला फिकट रंग देता येईल का ते विचारा. फिकट रंग त्यांनाही तापत नाही, म्हणून बहुतेक लोक ऐकतात.